लिलावाआधीची वही : कबड्डीतली नवी पोरं कशी जोखायची

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कट्ट्याकट्ट्यावर एकच वाद रंगतो. कॉलेजातून, कुमार गटातून वर आलेल्या पोरांपैकी यंदा कोणाला कोण उचलणार, कितीला उचलणार, आणि कोणावर बोलीच लागणार नाही. हा वाद नीट घातला तर खेळ जास्त कळतो. पण बहुतेक ठिकाणी तो आवाजावर जिंकला जातो, कारण कोणाकडेच नोंद नसते. ‘पोरगा लय भारी आहे’ याला काय उत्तर देणार? ‘समोर पाच किंवा कमी गडी असताना त्याने अकरा चढाया केल्या आणि एकच गडी टिपला’ याला मात्र उत्तर देता येतं, स्वतःची वही उघडून.

गुण किती, ते लाउडस्पीकरवाला सांगतोच. ते गुण कसे आले, कोणासमोर आले आणि कोणत्या वेळी आले हे आपण टिपायचं असतं. ते कसं टिपायचं, त्याची यादी कशी करायची आणि लिलावाआधी त्यावर वाद कसा घालायचा, ते इथे सांगितलं आहे.

वही कधी उघडायची

लिलावाची तारीख दरवर्षी सरकते. दहाव्या हंगामाचा लिलाव ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, अकराव्याचा १५-१६ ऑगस्ट २०२४ ला आणि बाराव्याचा ३१ मे-१ जून २०२५ ला. तिन्ही मुंबईतच झाले. म्हणजे ‘तारीख जाहीर झाली की बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती फक्त दुसऱ्यांचे व्हिडिओ उरतात. आपल्याकडचा मैदानी मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आटोपतो. वही दिवाळीनंतर उघडा आणि एप्रिलअखेर पहिली यादी तयार ठेवा. मग लिलाव मेमध्ये येवो की ऑक्टोबरमध्ये, धावपळ होत नाही.

पोरं बघायच्या जागा तीन. पहिली मंडळांच्या स्पर्धा: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, कळवा, दिवा या पट्ट्यातल्या गावांत संध्याकाळी प्रकाशझोतात खेळल्या जाणाऱ्या. दुसरी जिल्हा निवड चाचणी आणि तिथून पुढची राज्य स्पर्धा. तिसरी महाविद्यालयीन वाट: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. या तिसऱ्या वाटेकडे आपल्याकडचे चाहते फार कमी बघतात आणि तिथेच चुकतात. दहाव्या आणि अकराव्या हंगामाच्या लिलावयादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांचे खेळाडू घेतले होते. कॉलेजचा सामना दुपारी असतो, प्रेक्षक चाळीस-पन्नास असतात, त्यामुळे रेषेच्या अगदी जवळ बसून बघता येतं. सुट्टी टाकून बघावा असा सामना तो.

कुमार गट म्हणजे वीस वर्षांखालचे, मुलांसाठी वजन ७० किलोपर्यंत. वरिष्ठ पुरुषांत ही मर्यादा ८५ किलो आहे. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

कुठे बसायचं

सोफ्यांच्या रांगेत बसू नका. तिथून गुणफलक छान दिसतो, पाय दिसत नाहीत.

दोघं असाल तर एकाने मध्यरेषेच्या टोकाला बसावं आणि दुसऱ्याने अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्याच्या तिरक्या रेषेत. मध्यरेषेवरच्याला चढाई किती खोल गेली ते दिसतं. अंतिम रेषेमागच्याला कोपरारक्षकाचे पाय आणि हात दिसतात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, आपण जागा बदलायची नाही. पहिल्या डावात एका संघाचा बचाव समोर असतो, दुसऱ्या डावात दुसऱ्याचा, आणि एकाच सामन्यात दोन्ही संघांच्या कोपऱ्यांची नोंद होते. एकटे असाल तर आधी ठरवा: आज चढाई बघायची की बचाव. दोन्ही बघायला गेलात तर वही अर्धवट राहते आणि सामना संपल्यावर तुम्ही आठवून लिहायला लागता. आठवून लिहिलेल्या ओळीत टाळ्या पडलेल्या चढायाच उतरतात, रिकाम्या गळतात.

मैदानाची मापं डोळ्यांत बसवून घ्या. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा. म्हणजे बोनससाठी पोराला ४.७५ मीटर आत जावं लागतं आणि त्याच्या पलीकडे अंतिम रेषेपर्यंत पावणेदोन मीटर उरतात. सात गडी उभे असताना ही जागा किती अरुंद आहे ते एकदा मोकळ्या मैदानात आत जाऊन उभं राहिल्यावर कळतं. सामना सुरू व्हायच्या आधी ते करून बघा.

चढाईची ओळ

दोनशे पानी वही, आडवं पान, सात रकाने. चाळीस मिनिटांचा सामना आणि तीस सेकंदांची चढाई, म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून साधारण ऐंशी चढाया. त्यातल्या मुख्य चढाईपटूच्या वाट्याला पंधरा ते वीस येतात. एका पोराचा एक सामना एका पानावर मावतो.

रकाने असे: चढाई क्रमांक, गुणफलक, समोर किती गडी, कोणत्या बाजूने शिरला, किती खोल गेला, निकाल, कसा. खोलीसाठी अक्षरं ठरवा. ‘म’ म्हणजे निदानरेषेच्या अलीकडेच, ‘नि’ म्हणजे निदानरेषा ओलांडली, ‘बो’ म्हणजे बोनसरेषेपर्यंत. निकालात गुणांचा आकडा लिहा, रिकामी असेल तर शून्य, पकडला गेला तर ‘प’. लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, म्हणजे करो या मरोची चढाई असेल तर ओळीच्या सुरुवातीला ‘ति’.

एक ओळ अशी दिसते: ति / १४ / १८-२१ / ५ / उ / नि / प / कव्हरची धडक.

वाचायचं असं: सामन्यातली त्याची चौदावी चढाई, संघ तीन गुणांनी मागे, समोर पाच गडी, तिसरी चढाई असल्यामुळे गुण आणायलाच हवा. उजवीकडून शिरला, निदानरेषा ओलांडली, पण बोनसरेषेकडे गेला नाही, कारण समोर सहापेक्षा कमी गडी असताना बोनस मिळतच नाही. परतताना कव्हरने, म्हणजे कोपरा आणि मध्य यांच्यामधल्या बचावपटूने, धडक देऊन बाहेर काढला. अशा दहा ओळी जमल्या की पोरगा दिसायला लागतो. त्याच्या आधी मत देऊ नका.

बोनस लिहिताना एक काळजी घ्या. पुढचा पाय बोनसरेषेच्या पलीकडे टेकला असताना मागचा पाय हवेत असायला हवा. लहान स्पर्धांत हा मागचा पाय बघण्याआधीच पंचांचा हात वर जातो. अंतिम रेषेमागे बसलेल्या माणसाने मागचा पाय बघून ‘बो’च्या पुढे बरोबर किंवा फुलीची खूण करावी. मोठ्या स्पर्धेत दाद मागितली की रिप्ले बघितला जातो, आणि तिथे फुलीवाले बोनस टिकत नाहीत.

आता हिशेब. दोन पोरं घ्या, नमुन्यादाखल. पहिल्याने वीस चढायांत बारा गुण आणले: सात बोनसचे, पाच गडी टिपून. सहा वेळा पकडला गेला. दुसऱ्याने सोळा चढायांत नऊ गुण आणले: एक बोनस, आठ गडी. दोनदा पकडला गेला. लाउडस्पीकरवर पहिल्याचं नाव गाजेल. पण पहिल्याच्या सहा पकडींचे सहा गुण समोरच्यांना गेले, निव्वळ उरले सहा. दुसऱ्याचे निव्वळ सात.

खरा फरक पुढे आहे. बोनस गुणाने आपला बाद गडी आत येत नाही. गडी टिपला तरच बाहेर बसलेला परत येतो. पहिल्याने समोरचे पाच गडी बाहेर काढले आणि स्वतः सहा वेळा बाहेर गेला. दुसऱ्याने आठ काढले आणि दोनदा गेला. पहिल्याचा सगळा संघ बाद होऊन त्यावर लोण चढतो तेव्हा प्रेक्षक बचावाला शिव्या घालतात, पण त्या लोणात या सहा पकडींचाही वाटा असतो. म्हणून वहीत पानाच्या तळाशी दोन आकडे लिहायचे: निव्वळ गुण, आणि काढलेले गडी वजा स्वतः बाद. कट्ट्यावर दुसरा आकडा आधी विचारा.

बोनसवाला पोरगा वाईट, असं म्हणायचं नाही. सात गडी समोर असताना हमखास एक गुण आणणारा कोणत्याही संघाला हवा असतो. पण त्याच्या चढाया दोन गटांत मांडा, समोर सहा-सात गडी आणि समोर पाच किंवा कमी. दुसऱ्या गटात तो रिकाम्या हाताने परतत असेल तर तो दुय्यम चढाईपटू आहे आणि त्याची किंमत तेवढीच धरायची. समोर तीन किंवा कमी गडी असताना पकडला गेला तर तीही वेगळी खूण करा. ती अव्वल पकड, समोरच्यांना एक गुण जादा.

तिसरी चढाई

कट्ट्यावरचे सगळ्यात मोठे वाद इथेच मिटतात. तिसऱ्या चढाईत पोराला वेळ काढून परत येता येत नाही, आणि समोरच्यांनाही ते माहीत असतं. बचाव मागे सरकतो, कोपरे वाट बघतात. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचा सगळा खेळ समोरच्याच्या घाईवर चालतो: बचावपटू पुढे येतो, याचा हात लागतो. तिसऱ्या चढाईत कोणी पुढे येत नाही आणि पोराकडे दुसरं हत्यारच नसतं.

बघायचं ते हत्यार. उभ्या उभ्या पाय लांबवून अंगठ्याने स्पर्श करता येतो का, मागे वळताना लाथ लागते का, हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी चालून आली तर डुबकी मारून खालून निघतो का. एकच हत्यार असेल तर वहीत एकच लिहा. किमान दहा तिसऱ्या चढाया बघितल्याशिवाय टक्केवारी काढू नका. तीनपैकी दोन जिंकल्या म्हणजे सदुसष्ट टक्के, असा हिशेब कट्ट्यावर रोज होतो आणि तो फसवा असतो.

बचाव : इथे जास्त वेळ द्या

चढाईपटू सगळ्यांना दिसतो. बचावपटू हेरणाऱ्याचीच यादी लिलावात खरी ठरते, कारण इथे गुणफलक अर्धीच गोष्ट सांगतो. गुणपत्रिकेत यशस्वी पकडी येतात, फसलेले प्रयत्न बहुतेक लहान स्पर्धांत कोणी लिहीतच नाही. ते तुम्ही लिहा.

पुन्हा नमुना. डाव्या कोपऱ्यावरच्या पोराच्या पाच पकडी झाल्या, प्रयत्न चौदा. दुसऱ्याच्या चार पकडी, प्रयत्न सहा. पहिल्याने पाच गुण आणले आणि किमान नऊ दिले. दुसऱ्याने चार आणले, दोन दिले. सत्कार पहिल्याचा होईल, यादीत वर दुसरा.

प्रयत्न म्हणजे काय हे आधी ठरवून घ्या, नाहीतर दोन वह्या कधीच जुळणार नाहीत. हात घातला आणि चढाईपटूला लागला, तर प्रयत्न. हात घातला, कोणाला लागला नाही, तर अर्धी खूण. साखळीत दुसऱ्याने पकडलेल्यावर येऊन पडला, तर मदत, ‘मद’ लिहा. पकड ज्याने सुरू केली त्याचीच धरायची.

आता कोपऱ्याचे पाय बघा. चढाईपटू बोनसला जातो त्या क्षणी त्याचा मागचा पाय हवेत असतो, म्हणजे सगळं वजन पुढच्या पायावर. तो पाय त्याला लगेच उचलता येत नाही. चांगला कोपरारक्षक नेमका याच क्षणी घोट्याला हात घालतो. कच्चा कोपरारक्षक पाय येतानाच झेपावतो, पायावर वजन नसतं, चढाईपटू तो ओढून घेतो आणि एक गुण घेऊन जातो. दोघांची झेप गॅलरीतून सारखीच दिसते. फरक पाव सेकंदाचा असतो, म्हणून तर अंतिम रेषेमागे बसायचं.

कव्हरवाल्याकडे वेगळं बघा. त्याने धडक कधी दिली, चढाईपटू वळायच्या आधी, वळताना की वळून पळायला लागल्यावर? वळताना दिलेली धडक त्याला राखीव क्षेत्राच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या, बाहेर काढते. स्पर्श झाल्यावर राखीव क्षेत्र खेळात येतं आणि तिथे चढाईपटूला एक मीटर जादा मिळतो, हे विसरून जो आतल्या रेषेपर्यंतच रेटतो त्याच्या धडका फुकट जातात. तसंच त्याचा हात शेजाऱ्याच्या हातात आहे का ते बघा. ज्या संघात एक नामांकित कोपरा आहे तिथल्या कव्हरला आयत्या पकडी मिळतात. तो कोपरा बाद असताना हा पोरगा काय करतो, त्या चढाया वेगळ्या मोजा.

बचावाला किती किंमत येते याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, डावा कोपरा. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली, बहुतेक तरुण पोरांच्या जोरावर विजेतेपद मिळवलं. अकराव्यात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला, आणि विजेतेपदही तिकडेच गेलं.

माती, मॅट आणि वजन

मंडळांच्या बऱ्याच स्पर्धा अजून मातीवर होतात. लीग मॅटवर, बूट घालून. मातीवर पाय घसरतो, त्यामुळे धावत येऊन हाताने टिपणारा मातीवर खुलतो. मॅटवर बुटाला पकड मिळते, चढाईपटू जागच्या जागी थांबून वळू शकतो आणि बचावपटूही अंग टाकायला कचरत नाही. एका पोराच्या मातीवरच्या आणि मॅटवरच्या नोंदी कधीही एकत्र करू नका. वहीत दोन रंगांची पेनं वापरा. फक्त मातीवर बघितलेल्या पोराबद्दल बोलताना तसं आधीच सांगा.

वजनाची चूक याहून मोठी. कुमार गटात सत्तर किलोच्या मर्यादेत बसायला जो पोरगा वजन उतरवून आलाय, त्याचा वेग वरिष्ठ गटात पाच-सात किलो वाढल्यावर तसाच राहील असं धरून चालू नका. उलट बासष्ट किलोचा कोपरारक्षक कुमार गटात सगळ्यांना लोळवतो, पण ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी वळून निघाला की त्याच्या हातात घोटा राहत नाही. अशा पोरासाठी यादीत ‘दोन वर्षांनी’ असा वेगळा रकाना ठेवा. ज्यांची नावं त्या रकान्यात आहेत त्यांच्यासाठी लिलावच एक दार नाही. संघ स्वतःच्या चाचण्यांतून न्यू यंग प्लेअर म्हणून पोरं घेतात. म्हणून लिलावात नाव आलं नाही म्हणजे पोरगा संपला, असं कट्ट्यावर कोणी म्हणालं तर त्याला थांबवा.

समोर कोण होतं हेही लिहा. स्थानिक ब गटातले पंधरा गुण आणि राज्य स्पर्धेतले सहा गुण यांची बेरीज करायची नसते. गुणाकार-भागाकाराची सूत्रं बनवण्यात अर्थ नाही, दोन पानं वेगळी ठेवली की पुरतं.

मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर आयोजकांना विचारून. स्टँड मध्यरेषेच्या टोकाला, छातीच्या उंचीवर. प्रकाशझोतात सेकंदाला साठ चित्रं एवढं ठेवलं तर पाय स्पष्ट दिसतो, त्याहून वाढवलं तर चित्र काळं पडतं. एका सामन्याला आठेक जीबी जागा मोकळी असू द्या आणि पॉवर बँक विसरू नका. अठरा वर्षांखालच्या पोरांची चित्रफीत नावानिशी कुठेही टाकू नका. ती फक्त वही तपासायला आहे.

यादी आणि किंमत

एक ते पन्नास अशी सरळ यादी करू नका. सात जणांत डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन कव्हर, दोन इन आणि मध्य अशा जागा असतात. उजव्या कोपऱ्याची गरज असलेला संघ तुमच्या यादीतला पहिल्या क्रमांकाचा चढाईपटू घेणार नाही. जागेप्रमाणे पाच याद्या करा: मुख्य चढाईपटू, दुय्यम चढाईपटू, कोपरे, कव्हर, अष्टपैलू. प्रत्येक यादीत तीन गट. गटाच्या आत क्रम लावू नका, वेळ जातो आणि भांडण वाढतं.

किंमत ठरवताना थैलीपासून, म्हणजे संघाला खर्चता येणाऱ्या एकूण पैशांपासून, सुरुवात करा. अकराव्या हंगामात प्रत्येक संघाकडे पाच कोटी होते आणि अठरा ते पंचवीस खेळाडू घ्यायचे होते. पायाभूत किंमत अ गटाला ३० लाख, ब ला २०, क ला १३ आणि ड ला ९. पाच कोटींत अठरा म्हणजे सरासरी पावणेअठ्ठावीस लाख. एकावर सव्वादोन कोटी घातले तर उरलेल्या सतरांना सरासरी सोळा लाख. नव्या पोरांची जागा या सोळा लाखांत असते. म्हणून मोठा तारा कोणी घेतला यावर तुमच्या पोराचं नशीब ठरतं: ज्याने तारा घेतला तोच संघ नंतर नऊ-तेरा लाखांतली पोरं शोधत बसतो. कायम ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही याच थैलीतून वजा होतात, ते आधी वजा करून मगच कोणाकडे किती उरले ते बोला. आणि ‘फायनल बिड मॅच’ लक्षात ठेवा, गेल्या हंगामातला संघ शेवटच्या बोलीएवढे पैसे देऊन आपला खेळाडू परत नेऊ शकतो.

एकाच ताऱ्यावर थैली रिकामी केली तर काय होतं? पवन सेहरावतला नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने सव्वादोन कोटींहून जास्त देऊन घेतलं आणि पहिल्याच सामन्यात दुखापत होऊन तो हंगामाबाहेर गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर २ कोटी ६० लाखांहून अधिक घातले, आणि संघ तळाला राहिला. पवन मोठा खेळाडू आहे यात वाद नाही. सोबतच्या सतरांसाठी उरलेले पैसे कमी होते. दुसरी बाजूही बघा: कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांना मिळाला, त्याने पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण केले आणि पुढच्या लिलावात त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली. वहीचं काम असा पोरगा छत्तीस लाखांना असतानाच ओळखणं.

कट्ट्यावरचा लिलाव

वाद तोंडी घालण्यापेक्षा लिलावच मांडा. सहा जण, सहा संघ. पूर्ण अठरांचा संघ बांधायला रात्र पुरणार नाही, म्हणून सात-सात खेळाडू घ्या. पाचशे लाखांत अठरा, तर सातांना साधारण १९५. प्रत्येकाला दोनशे लाख द्या. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये दोन-अडीच तासांत आटोपतं.

साठ चिठ्ठ्या करा, चिठ्ठीवर नाव, जागा आणि पायाभूत किंमत. सातवा माणूस बोली पुकारणारा, तो स्वतः खेळत नाही. पन्नास लाखांपर्यंत एक-एक लाखाने चढायचं, पुढे पाच-पाचने. शेवटच्या बोलीनंतर दहा सेकंद मोजून हातोडा. दोन्ही कोपरे, दोन कव्हर आणि किमान दोन चढाईपटू प्रत्येकाला घ्यावेच लागतील, ही अट आधी वाचून दाखवा.

इथे एक चूक दरवेळी होते: पहिल्या अर्ध्या तासात दोघांचे पैसे संपतात आणि खेळ फसतो. त्यावर नियम असा. कोणालाही लावता येणारी जास्तीत जास्त बोली म्हणजे उरलेले पैसे, वजा या खेळाडूनंतर उरणाऱ्या जागा गुणिले नऊ. ऐंशी लाख उरलेत आणि चार जागा भरायच्या आहेत, तर ८० वजा २७, म्हणजे त्रेपन्नच्या वर जाता येणार नाही. बोली पुकारणाऱ्याने प्रत्येकाची ही मर्यादा फळ्यावर लिहीत राहावी.

दुसरी चूक गाववाल्याची. घणसोलीचा माणूस घणसोलीच्या पोरावर बोली चढवणारच, त्यात प्रेम आहे आणि ते असायलाच हवं. पण चाळीस लाखांच्या वर जाणाऱ्या प्रत्येक बोलीला वहीतलं पान दाखवावं लागेल असा नियम ठेवा, किमान तीन सामन्यांचं. ज्याच्याकडे पान नाही त्याची बोली बाद. आपल्या गावच्या पोराची नोंद शक्यतो दुसऱ्या गावच्या माणसाकडून करून घ्या. ठाणे-वाशी लोकलने ऐरोली आणि कोपरखैरणे चार स्टेशनांच्या आत आहेत, येण्याजाण्याची सबब चालणार नाही.

दुखापतीची अफवा वादात आणू नका. पोराने गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि दुसऱ्या डावात तो उजवीकडून एकदाही शिरला नाही, हे दिसलं असेल तर लिहा आणि बोला. ‘त्याचा लिगामेंट गेलाय म्हणे’ हे वाक्य फिरत फिरत त्या पोरापर्यंत आणि संघांच्या माणसांपर्यंत पोहोचतं. तसंच कट्ट्यावरची बोली खेळाडूला जाऊन सांगू नका. एकोणीस वर्षांच्या पोराला ‘तुझे चाळीस लाख ठरले’ असं सांगितलं की पुढच्या सामन्यात तो चाळीस लाखांचा खेळ करायला जातो आणि घोटा देऊन बसतो. आणि यात पैशांची पैज लावायची नाही.

खरा लिलाव झाला की त्याच रात्री यादीसमोर खऱ्या किमती लाल पेनाने लिहा. न विकल्या गेलेल्यांसमोर रेघ मारू नका, जागा कोरी ठेवा, न्यू यंग प्लेअर म्हणून त्यांची नावं नंतर येऊ शकतात. हंगाम संपल्यावर प्रत्येकासमोर तीन आकडे भरा: किती सामन्यांत मैदानावर उतरला, निव्वळ गुण, आणि काढलेले गडी वजा स्वतः बाद. कोपरा-कव्हरवाल्यांसाठी शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी पकडी आणि प्रयत्न. मग दिवाळीनंतर नवी वही उघडताना जुनी शेजारी ठेवा, आणि ज्या जागेवर तुमची यादी सगळ्यात जास्त चुकली, त्या जागेचे सामने या मोसमात आधी बघा.